एक कायम माणूस हवा आहे

माझा धंदा माणसं पुरवण्याचा. हे वाक्य बायकोला आवडत नाही, म्हणून मुलीच्या लग्नपत्रिकेत तिने माझ्या नावापुढे ‘उद्योजक’ छापून घेतलं. पण धंदा तोच. तुम्ही पालिकेच्या कचेरीत जाता तेव्हा खिडकीत अर्ज घेणारी मुलगी, साहेबांची गाडी चालवणारा, फाटकावर ‘काय काम आहे’ विचारणारा, जिना झाडणारी मावशी, यांच्यातलं आता कोणी पालिकेचं नसतं. ती माझी माणसं असतात, नाहीतर माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाची. पालिका भरती करत नाही, निविदा काढते. आम्ही भाव भरतो. ज्याचा भाव कमी त्याची माणसं आत.

कोणती पालिका ते लिहीत नाही. ठाण्याच्या खाडीपासून शहाडच्या पुलापर्यंत पालिकांना तोटा नाही. वाचणाऱ्याने आपल्याला छळणारी धरून चालावं.

निविदेत माणसाला नग म्हणतात. ‘अर्धकुशल मनुष्यबळ, नग बारा.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तिथल्या कारकुनाला म्हटलं, या नगांना बायकापोरं आहेत. तो शांतपणे म्हणाला, “शेठ, खुर्च्यांचा आणि माणसांचा मसुदा एकच आहे. आम्ही फक्त वरचं शीर्षक बदलतो.” हे नग अकरा महिन्यांच्या करारावर असतात. मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. खंडाच्या दिवशी माणूस नोकरीत नसतो, पण कामावर येतो, कारण तो आला नाही तर कचेरी उघडायची कोणी?

मी काही वरून पडलेला शेठ नाही. खटावहून दहावी होऊन आलो आणि कल्याणच्या बाजारात अडत्याकडे कामाला लागलो. रुमालाखाली बोटं दाबून सौदा कसा करायचा ते तिथे शिकलो. त्याच काळात पालिकेत शिपायांची भरती निघाली. परीक्षा दिली, सायकल चालवून दाखवली, निवड यादीत नाव लागलं. आईने गावात पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात भरतीबंदी आली. यादी फलकावर पिवळी पडली, मग कोणीतरी तिच्यावर डास निर्मूलनाची जाहिरात चिकटवली. आज त्याच शिपायांच्या जागी मी माणसं पाठवतो. लोक म्हणतात, बरं झालं की घाडगे, शिपाई झाला असतात तर आज गाडी घेतली असतीत का? मला ते पटत नाही. पेढे परत घेता येत नाहीत. माझा तो राग गेलेला नाही आणि घालवायचा विचारही नाही.

भरती बंद ठेवली की काय होतं ते मी तुम्हाला अतिक्रमण पथकावरून सांगतो. स्टेशनबाहेरचे फेरीवाले उठवणारं हे पथक. त्यातले सगळे कायम कर्मचारी एकाच वेळी लागलेले आणि एकाच वेळी म्हातारे झालेले. कोणाचा गुडघा, कोणाची अँजिओप्लास्टी, एकजण हातोडा उचलला की स्वतःच खाली बसायचा. पथकप्रमुख तांडेल. फेरीवाल्यांशी त्यांची अर्ध्या आयुष्याची ओळख. पथकाची गाडी आली की फेरीवाले पळायचे, पण बेताने. तांडेल मागे पडले तर कंगवेवाला थांबायचा. “तांडेलसाहेब, दम घ्या. मी इथंच आहे.” त्यांचा दम परत आला की तो पुढे पळायचा.

वरून कोणी तरी हे बघितलं आणि मला मागणी आली: ‘धावण्याची क्षमता असलेले मनुष्यबळ, नग आठ.’ मी आठ तरणी पोरं पाठवली. पहिल्याच दिवशी त्यांनी अख्खा रस्ता धरून आणला. आता धरलेल्या प्रत्येकाचा पंचनामा लिहायचा, तो कायम कर्मचाऱ्यानेच, आणि तांडेलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. दोनच दिवसांत तांडेल माझ्या ऑफिसात येऊन बसले.

“शेठ, पोरं बदलून द्या. जरा सावकाश पळणारी द्या.”

मी म्हटलं, “निविदेत धावण्याची अट आहे.”

“धावण्याची आहे,” तांडेल म्हणाले. “पकडण्याची कुठं आहे?”

मी पोरांना तसं समजावून सांगितलं. सगळं पूर्ववत झालं. पण पथकाचं एक वेळ चालतं. सहीचं चालत नाही. आता खरी गोष्ट सांगतो ती सहीची आहे.

कल्याणात आमच्या पालिकेचा जन्म-मृत्यू नोंदणी कक्ष आहे. मूल झालं की दाखला, माणूस गेला की दाखला. त्यावर शाळा, पासपोर्ट, विमा, वारसा सगळं अडलेलं. तिथे माझी चौदा माणसं आणि पालिकेचे बारा कायम कर्मचारी. माझी माणसं अर्ज घेणार, टाइप करणार, शिक्का मारणार. सही मात्र कायम कर्मचाऱ्याची. कंत्राटी माणसाच्या सहीने भारतात कोणी जन्माला येत नाही आणि मरतही नाही.

त्या बारांपैकी अकराजण आजूबाजूच्या गावांतले. गावं पालिकेत घेतली तेव्हा ग्रामपंचायतीत रोजावर असलेली पोरं एकदम कायम केली होती. सगळी एका शाळेतली, एका वर्गातली, एका गुरुजींची. आणि आमच्या पिढीला वाढदिवस नसतो, एक जून असतो. बाप पोराला शाळेत घेऊन जायचा. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, भात कापत होतो बघा. गुरुजी पोराचा हात डोक्यावरून घेऊन पलीकडचा कान पकडता येतो का बघायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझाही एक जूनच आहे. आता सरकारी नियम असा की एक तारखेचा जन्म असेल तर माणूस आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो. म्हणजे एकतीस मे. जन्माचे दाखले देणारा तो अख्खा कक्ष गुरुजींच्या एका सवयीमुळे एका संध्याकाळी रिकामा झाला.

त्या निरोप समारंभाला मी होतो. अकरा सत्कारमूर्ती व्यासपीठावर. समोर प्रेक्षकांत कायम कर्मचारी एकच, कर्णिक बाई. माझी चौदा माणसं दाराबाहेर उभी, कारण परिपत्रकात ‘सर्व कर्मचाऱ्यांनी उपस्थित राहावे’ असं होतं आणि ती कर्मचारी नव्हती, मनुष्यबळ होती. हार घालायला कोणी नाही, म्हणून सत्कारमूर्तींनी ओळीने शेजाऱ्याला हार घातले. पहिला राहिला, तो व्यासपीठाला वळसा घालून शेवटच्याकडून घालून घेऊन आला. भाषणं त्यांचीच, आभारही त्यांचेच. टाळ्या एकट्या बाई वाजवत होत्या. मध्येच थांबून हात चोळत होत्या.

या कर्णिक बाई ठाण्याच्या. वडील वकील, आई शिक्षिका, जन्म इस्पितळात आणि तारीख खरी, नोव्हेंबरमधली. त्यामुळे तीस नोव्हेंबरपर्यंत त्या राहिल्या. उपायुक्त साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “घाडगे, तीस तारखेला बाईंचा पदभार घ्यायला कायम कर्मचारी नसेल तर कक्ष बंद. काम मुख्यालयात विलीन.”

“आणि माझी चौदा माणसं?”

“नग परत.”

“साहेब, मग एक माणूस भरा की.”

“भरतीचा प्रस्ताव आस्थापना विभागाकडून यावा लागतो. आस्थापनेतले सगळे एकतीस मेला गेले.”

“मग आस्थापनेत आधी माणूस भरा.”

साहेब माझ्याकडे मायेने बघत म्हणाले, “त्याचा प्रस्ताव आस्थापनेकडूनच यावा लागतो.”

मी टेबलावर हात आपटला. काचेखालचा त्यांच्या मुलाचा फोटो हलला. त्याने काही भरती झाली नाही. शेवटी त्यांनी एवढंच केलं की आस्थापनेचा अतिरिक्त कार्यभारही कर्णिक बाईंना देऊन टाकला. पण आता प्रस्ताव केला तरी तो मंत्रालयातून यायला वर्षं लागणार होती, आणि हातात महिने होते. पावसाळा संपेपर्यंत बाईंकडे उद्यान, भांडार आणि कुत्र्यांचे परवानेही आले.

माझ्या चौदा जणांत रेश्मा भोईर सगळ्यात जुनी. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. वडील खाडीत जाळं टाकायचे. नवरा रिक्षा चालवायचा, पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून घरीच. पंधरा वर्षं ती अकरा-अकरा महिन्यांनी नवी होत होती. दोन मुलांची शाळा आणि घराचा हप्ता तिच्या त्या खिडकीवर. कक्ष बंद झाला असता तर बाकीच्यांना मी इकडेतिकडे कुठे चिकटवलं असतं, पण चाळिशीला आलेल्या बाईला कोणतीच निविदा घेत नाही. तिला हे माझ्यापेक्षा आधी कळलं होतं. म्हणून ती बाईंना फुलासारखं जपायला लागली.

नोंदणीचं टेबल तिने तळमजल्यावर आणलं, बाईंना जिना नको म्हणून. बाई शिंकल्या की काढा. बाईंनी दुपारी वडापाव मागवला तर तो मधल्या मध्ये गायब. एकदा मी समोर असताना बाई वैतागल्या.

“रेश्मा, मी तुझी आई आहे की नोकरी?”

“नोकरी, बाई,” रेश्मा म्हणाली. “आई घरी हाय.”

बाईंना नाशिकला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. रजेचा अर्ज दिला तर साहेब स्वतः खाली आले आणि घाटातल्या अपघातांविषयी बोलत बसले. शेवटी बाई गेल्या, पण रेश्मा सोबत गेली आणि लग्नात जेवताना शेजारी बसून बाईंच्या पानातली भजी उचलत राहिली.

मी त्या दिवसांत कायम माणूस शोधत हिंडत होतो. माझ्या धंद्यात मी कोणालाही माणूस देऊ शकतो. मागायची वेळ पहिल्यांदाच आली. एका प्रभाग अधिकाऱ्याला म्हटलं, “एक कायम कारकून द्या, तीन ड्रायव्हर देतो.” तो हसला. मी म्हटलं, “तीन ड्रायव्हर आणि एक माळी.” तो म्हणाला, “शेठ, माझ्याकडे एकच आहे, तोही मधुमेहाचा. आठवड्यातून तीन दिवस येतो. अख्खा प्रभाग त्याच्यावर चाललाय.” दुसऱ्याने तर त्याच्या कायम माणसाला आतल्या खोलीत बसवलं आणि असा कोणी नाहीच म्हणून सांगितलं. मला आतून खोकला ऐकू येत होता.

मग माझ्याच बिलात सापडला. माझ्याकडून पालिकेला सफाईच्या बायका जातात, त्यांच्या ठिकाणांत एक ओळ होती, ‘जकात नाका, शीळफाटा, नग एक’. मी चक्रावलो. जकात बंद होऊन किती वर्षं झाली. नाका कसला? सफाईवाल्या मावशींना फोन लावला तर त्या म्हणाल्या, “हाये ना. दळवीसाहेब रोज वेळेवर येतात.”

मी तशीच गाडी काढली. शीळफाट्याच्या वळणावर, उड्डाणपुलाच्या कामाच्या धुळीत, एक पत्र्याची केबिन उभी होती. बाजूला वर करून ठेवलेला लोखंडी अडसर, त्याच्यावर दुधीचा वेल चढवलेला. आत साधारण चोपन्न वर्षांचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस खुर्चीत बसून शेवग्याच्या शेंगा निवडत होता. हा दळवी. वडील नोकरीत असताना गेले, त्यांच्या जागी अनुकंपावर लागलेला. जकात रद्द झाली तेव्हा सगळ्यांच्या बदल्या झाल्या. याची बदली व्हायची राहिली. ऑर्डर आली नाही, म्हणून हा हलला नाही. रोज यायचा, हजेरीवर सही करायचा, समोरून जाणारे ट्रक बघायचा, पाचला जायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे कायम. निवृत्तीला चार वर्षं बाकी.

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शेंगा निवडत ऐकून घेतलं.

“नको ओ शेठ,” तो म्हणाला. “आपल्याला इथं बरं आहे.”

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, “अरे, या नोकरीसाठी मी परीक्षा दिलेली. सायकल चालवून दाखवलेली. माझ्या आईने पेढे वाटलेले. आणि तू इथे दुधी लावून बसलास? लाज वाटते का?” आणि मी ती शेंगांची परात उचलून रस्त्यावर फेकली. एक डंपर तिच्यावरून गेला.

दळवी उठला नाही. चेपलेल्या परातीकडे बघून म्हणाला, “परात पालिकेची होती. जडवस्तू नोंदीत आहे.” मग म्हणाला, “शेठ, राग बरोबर आहे तुमचा. पण मी काय केलं असतं? काम द्या म्हणून अर्ज केलेले सुरुवातीला. उत्तर आलं, तुमच्या पदाचं काम अस्तित्वात नाही. मग काढून टाका म्हटलं. तर म्हणे, पद अस्तित्वात आहे.”

मी खाली बसलो. मावशींनी चहा आणला. परातीची किंमत मी मनातल्या मनात सौद्यात धरली आणि बोलायला लागलो. बाजारात शिकलेली गोष्ट अशी की समोरचा नको म्हणतो तेव्हा त्याला काय नको आहे ते शोधायचं. दळवीला काम नको नव्हतं. त्याला भीती वाटत होती. इतक्या वर्षांत हजेरीशिवाय त्याने कशावरही सही केली नव्हती.

“चुकीच्या माणसाला मेलेला दाखवला तर?” तो म्हणाला.

“शेजारी रेश्मा आहे. ती सांगेल तिथेच सही कर.”

“संगणक?”

“हात लावू नकोस.”

“पाचला घरी?”

“पावणेपाचला.”

“आणि नवीन परात.”

मी हात पुढे केला. रुमाल नव्हता, पण सौदा झाला.

आता यात एक मेख होती आणि ती दळवीनेच दाखवली. नाका सोडायचा तर नाक्याचा पदभार दुसऱ्या कायम कर्मचाऱ्याकडे द्यावा लागतो. अडसर एक, फळा एक, टेबल एक, खुर्च्या दोन, छत्री एक. हे घेणार कोण? संबंध पालिकेत मोकळा कायम माणूस दळवी सोडून कोणी नाही, आणि दळवी स्वतःकडून स्वतः पदभार घेऊ शकत नाही. मी परत कल्याणला येईपर्यंत डोकं धरून बसलो होतो. कक्षात येऊन सांगितलं तेव्हा कर्णिक बाई दाखल्यांवर सह्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी घेते ना.”

“तुम्ही?”

“त्यांचा नाका मी घेते. माझा कक्ष ते घेतील. बदलीची ऑर्डर आस्थापनेची, म्हणजे माझीच. आजच काढते.”

“बाई, तुम्ही तीस तारखेला निवृत्त होताय. नाका तुमच्याच नावावर राहील.”

“राहू दे. ठाण्यात आमचं एक घर आहे, शीळफाट्याला एक नाका.” त्यांनी पुढचा दाखला ओढला. रेश्मा खिडकीत बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण समोरच्या माणसाला तिने एकाच अर्जाची पोच दोनदा दिली.

तीस तारखेला दुपारी दळवी आला. नवीन शर्ट, हातात छत्री, ती नाक्याच्या यादीतली होती म्हणून बाईंना दाखवायला आणलेली. दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचे पदभार घेतले. बाईंनी छत्री उघडून बघितली आणि ‘सुस्थितीत’ असं लिहिलं.

मग निरोप समारंभ. परिपत्रक तेच, ‘सर्व कर्मचाऱ्यांनी’. या वेळी मी दारात उभा राहिलो आणि माझ्या चौदाही जणांना आत ढकललं. साहेब काही बोलणार होते. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. पण व्यासपीठावरून बोलायचं ते कायम सहकाऱ्याने असा प्रघात. म्हणजे दळवीने. तो उभा राहिला, घाम पुसला आणि म्हणाला:

“कर्णिक मॅडमना मी आज दुपारी अडीचपासून ओळखतो. या काळात त्या माझ्याशी अत्यंत आपुलकीने वागल्या. त्यांनी छत्री उघडून बघितली. एवढं बारीक लक्ष कामात आजकाल कोण देतं? त्यांची उणीव मला सतत भासेल.”

बाई इतक्या हसल्या की डोळे पुसत बसल्या. रेश्मा मात्र हसली नाही. तिने हार घातला, पाया पडली आणि म्हणाली, “बाई, आता खावा वडापाव.” तिने तो पदराखाली आणलेला होता. बाईंनी सगळ्यांसमोर तो खाल्ला.

कक्ष वाचला. दळवी अजूनही प्रत्येक मृत्यूच्या दाखल्याआधी रेश्माला हळूच विचारतो, “नक्की ना?” पण सही करतो.

भानगड दुसरीकडे झाली. बाईंची पेन्शन अडली. निवृत्त होणाऱ्याने ताब्यातली सगळी मालमत्ता परत केली पाहिजे, आणि त्यांच्या ताब्यात नाका होता. तात्पुरती पेन्शन सुरू झाली, बाकी सगळं थांबलं. मी पेन्शन विभागात जाऊन आरडाओरडा केला. ज्याच्यावर ओरडलो तो माझाच माणूस होता, मीच पुरवलेला. तो खालच्या आवाजात म्हणाला, “शेठ, सही दळवीसाहेबांची लागते. पेन्शनचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडेच आहे. त्यांनी नाका परत ताब्यात घेतला की बाई सुटल्या. पण नाका घेतला की त्यांची मूळ नेमणूक तिथलीच. त्यांना परत शीळफाट्याला जावं लागेल.”

म्हणजे बाईंची पेन्शन सोडवायची तर कक्ष बंद करायचा. दळवी बिचारा दोन्हीला तयार होता. मी मात्र ठाण्याला बाईंच्या घरी गेलो आणि सरळ सांगितलं, असं असं आहे, तुम्ही बोला.

बाईंनी पोहे पुढे केले. “मी तुम्हाला अडवलंय का?” म्हणाल्या. “माझं भागतंय. पण दळवींना चार वर्षं आहेत. चार वर्षांनी हेच सगळं पुन्हा. तोपर्यंत कक्षात एखादं माणूस कायमचं भरून घ्या. मग दळवी नाका परत घेतील.”

“बाई, भरती झाली तर माझा धंदा जाईल.”

“ते मला कळतं.”

“मग मला कशाला सांगता?”

“दुसऱ्या कोणाचं साहेब ऐकत नाहीत,” बाई म्हणाल्या. “तुम्ही टेबलावर हात आपटता.”

तेव्हापासून मी दर आठवड्याला साहेबांकडे जातो आणि भरती करा म्हणून भांडतो. माणसं पुरवणारा कंत्राटदार कायम भरती मागतोय म्हटल्यावर सुरुवातीला त्यांना यात काहीतरी मोठा डाव आहे असं वाटलं. त्यांनी गुपचूप माझी चौकशीही केली. मी काही देवमाणूस नाही. एका कक्षातली चौदा माणसं गेली तरी माझी बाकी पालिका शिल्लक आहे, हा हिशोब मी घरून करूनच निघतो. पण हिशोब नसता तरी भांडलो असतो. कोणाच्या तरी नावाची यादी तरी लागू द्या.

शेवटी या दिवाळीच्या आधी साहेब वैतागून म्हणाले, “ठीक आहे. एका पदाचा प्रस्ताव करू. सध्याच्या कंत्राटी माणसांना वयात सूट मागू. दळवी सही करतील. पण मसुदा करायला आस्थापनेत माणूस नाही. तुम्हीच एक नग द्या.”

मी रेश्माला पाठवलं. दुपारी मीही जाऊन शेजारी बसलो. तिने पद लिहिलं, पात्रता लिहिली, मग बोटं थांबवली.

“शेठ, वयाची कमाल मर्यादा काय टाकू?”

“तुझं वय काय आता?”

“एकेचाळीस.”

“मग त्रेचाळीस टाक.”

तिने त्रेचाळीस टाइप केलं आणि पुसलं. स्क्रीनकडे बघत बसली.

“बरं, पंचेचाळीस,” मी म्हटलं. “दोन वर्षं मंत्रालयात गेली तरी चालेल.”

“मंत्रालयातनं आल्यावर जाहिरात हाय. मग परीक्षा. मग कोणतरी कोर्टात जाणार.”

“सत्तेचाळीस. शेवटचं. याच्यावर साहेब मान्य नाही करणार.”

“शेठ, तुमी भाव नका करू,” रेश्मा म्हणाली. “मी पन्नास टाकते.”